एका नकलेचा जीर्णोद्धार

शाळेला दांडी मारून तीन मुले दिवसभर शिकागो शहर पालथे घालतात. ज्या गाडीतून ती फिरतात ती त्यांच्यापैकी एकाच्या, कॅमेरनच्या, वडिलांची आहे. 1961 सालची लाल फेरारी. वडील ती चालवत नाहीत, नुसती पुसतात. पोरापेक्षा गाडीवर त्यांचा जीव जास्त आणि मीटरवरचा आकडा त्यांच्या पक्का लक्षात. म्हणून संध्याकाळी मुले एक युक्ती लढवतात. गाडीची मागची चाके जॅकवर अधांतरी उचलायची आणि रिव्हर्स गिअरमध्ये इंजिन चालू ठेवायचे, म्हणजे दिवसभराचे मैल उलटे मोजले जातील. पण मीटर काही उलटा फिरत नाही. कॅमेरनचा वर्षानुवर्षे साठलेला राग उफाळून येतो, तो गाडीला लाथा घालतो, आणि जॅकवरून निसटलेली गाडी काचेची भिंत फोडून खालच्या घळीत कोसळते.

जॉन ह्यूज यांचा ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ हा चित्रपट 1986 च्या जून महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातले काचेच्या भिंतींचे गॅरेज खरे होते. शिकागोजवळच्या हायलंड पार्कमध्ये डेव्हिड हेड या वास्तुरचनाकाराने 1974 मध्ये ते बांधले होते आणि घराच्या मालकाच्या गाड्या ठेवण्यासाठीच बांधले होते. शहर खरे होते, रस्ते खरे होते. खोटी होती ती गाडी. जवळून दिसणाऱ्या काही तुकड्यांपुरती अस्सल फेरारी वापरली होती. बाकी सगळीकडे, धावताना, उडी मारताना, कोसळताना जी दिसते ती नक्कल आहे.

या नकलेचे पुढे काय झाले, ती कशी मोडली, कशी दृष्टीआड झाली आणि पुन्हा उभी राहिली, ही या लेखाची गोष्ट. ती सांगताना एक प्रश्न सारखा आडवा येतो. अस्सल वस्तू मोडली तर ती पूर्वी जशी होती तशी करायची, एवढे आपल्याला कळते. नक्कल मोडली तर ती कशासारखी करायची?

आधी अस्सल कोण ते पाहू. फेरारीची ‘250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर’ ही उघडी गाडी 1957 ते 1963 या काळात तयार झाली. 250 हा आकडा एका सिलिंडरच्या आकारमानाचा, घन सेंटिमीटरमध्ये. असे बारा सिलिंडर, म्हणजे तीन लिटरचे इंजिन. आकार पिनिनफारिनाचा आणि पत्र्याचे काम मोदेना गावातल्या स्काल्येत्तीच्या कारखान्यातले. उन्हाच्या आणि पैशाच्या प्रदेशात, कॅलिफोर्नियात, अशी गाडी खपेल हे फेरारीच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी हेरले होते, त्यावरूनच तिचे नाव पडले. सहा-सात वर्षांत अशा सुमारे शंभरच गाड्या झाल्या. पत्रा हातोडीने ठोकून घडवलेला, त्यामुळे दोन गाड्या अगदी तंतोतंत सारख्या नसत. पुढे नकलांना जो दोष चिकटला, मापात फरक असण्याचा, तो अस्सल गाड्यांतही होता. फक्त तिथे त्याला कारागिराचा हात म्हणत.

ऐंशीच्या दशकात या गाडीची किंमत लाखो डॉलरांवर गेली होती. ती चित्रीकरणासाठी आणून दगडधोंड्यांत उडवणे कोणत्याही निर्मात्याला परवडणारे नव्हते. सान डिएगोजवळच्या एल काहोन या गावी मार्क गोयेट आणि नील ग्लासमॉयर यांचा ‘मोदेना डिझाइन’ नावाचा छोटा कारखाना होता. तिथे ‘मोदेना स्पायडर’ नावाची गाडी बनत असे. पोलादी नळ्यांची चौकट, फायबरग्लासची बॉडी आणि फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन. तयार गाडी नको असेल त्याला सुटे भाग मिळत, ते घरी नेऊन त्याने आपल्या हाताने जोडावेत.

ह्यूज यांनी स्वतः फोन केला तेव्हा ग्लासमॉयर यांना ती कोणा मित्राची थट्टा वाटली आणि त्यांनी फोन ठेवून दिला. पुन्हा फोन आला, खात्री पटली, आणि दोघे गाडी घेऊन ह्यूज यांच्या कचेरीपाशी गेले. ते बाहेर थांबलेले असताना एक गबाळा माणूस आला आणि गाडीभोवती फिरून ती न्याहाळू लागला. झाडलोट करणारा कोणी असेल असे त्यांना वाटले. त्या माणसाने वर खिडकीकडे पाहून आरोळी दिली की हीच ती गाडी! तेच जॉन ह्यूज. रूपावरून ओळखण्यात कशी फसगत होते याचा हा पहिला धडा, आणि तो नक्कल बनवणाऱ्यांनाच मिळाला.

चित्रपटासाठी तीन गाड्यांची योजना झाली. पहिली गोयेट यांनी पूर्ण बांधून भाड्याने दिली. पडद्यावर जवळजवळ सगळीकडे दिसते ती हीच. दुसरी सुट्या भागांच्या रूपात स्टुडिओला विकली. ती त्यांनी स्वतः जोडली, आणि इतकी वाईट जोडली की काच फोडून मागच्या मागे खाली पडण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नाही. तिसरी पूर्ण झालीच नाही. चित्रीकरणातल्या लोकांना या गाडीचा राग होता. गाडी बंद करून ती रखवालदाराच्या हवाली करायची, एवढा साधा प्रसंग पुन्हा पुन्हा घ्यावा लागला, कारण बंद केलेली गाडी चालूच होईना. चित्रपटात ती जगातली सगळ्यात हवीहवीशी वस्तू आहे आणि प्रत्यक्षात तिच्याशी कुस्ती खेळावी लागत होती.

चित्रीकरण संपल्यावर पहिली गाडी गोयेट यांच्याकडे परत आली तेव्हा तिचा एक्झॉस्ट चेपला होता आणि बॉडीला तडे गेले होते. उड्यांचा हिशेब अंगावर लिहून आणला होता म्हणा ना. त्यांनी ती दुरुस्त करून कॅलिफोर्नियातल्या एका तरुण जोडप्याला विकली. त्या मालकाच्या हातून ती रस्त्याबाहेर गेली, तोंड फुटले, आणि गोयेट यांनी तिचा पुढचा भाग पुन्हा बांधून दिला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती विकली गेली. 2000 च्या सुमारास एकदा दिसली आणि परत दृष्टीआड झाली.

ही घसरण एकट्या तिची नव्हती. याच सुमारास ‘मायामी व्हाइस’ या दूरचित्रवाणी मालिकेत नायकाची काळी फेरारी गाजत होती. तीही नक्कल होती, शेव्हर्ले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर बांधलेली. फेरारीने हरकत घेतली, आणि मग मालिकेला अस्सल पांढऱ्या टेस्टारोसा गाड्या मिळाल्या. 1986 च्या सप्टेंबरमध्ये तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात ती काळी गाडी पडद्यावर स्फोटाने उडवून देण्यात आली. म्हणजे एकाच वर्षात अमेरिकेने दोन खोट्या फेरारी पडद्यावर मरताना पाहिल्या. एक काचेतून, एक आगीतून.

पाठोपाठ हा वाद न्यायालयातही गेला. टेनेसी राज्यातल्या एका नक्कल करणाऱ्याविरुद्ध फेरारीने लावलेल्या दाव्यात 1991 मध्ये अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने फेरारीच्या बाजूने निकाल दिला. त्यातला युक्तिवाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. गाडी घेणाऱ्याची फसवणूक होत नव्हती. आपण काय घेतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते. पण रस्त्यावर उभे राहून ती गाडी पाहणाऱ्याचे काय? त्याला ती फेरारीच वाटणार, आणि त्या समजुतीवरच फेरारीच्या नावाचे मोल उभे आहे, असे बहुमताने ठरले. तीनपैकी एका न्यायाधीशाचे मत वेगळे पडले. पुढे 2019 मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने तर फेरारीच्या ‘250 जीटीओ’ गाडीचा आकार ही कलाकृती आहे असे मान्य करून तिच्या नकलांना मनाई केली. फेरारीची बाजू पोकळ म्हणता येणार नाही. ज्यांनी आकार घडवला त्यांचा त्यावर हक्क आहे. एल काहोनसारख्या ठिकाणच्या छोट्या कारखान्यांचे दिवस मात्र मग फार उरले नाहीत.

आता त्याच 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडरच्या एका अस्सल प्रतीकडे वळू. पश्चिम फ्रान्समध्ये रोजे बायाँ नावाच्या मालवाहतूक व्यावसायिकाने जुन्या गाड्यांचे संग्रहालय उभारायचे म्हणून पन्नास-साठच्या दशकांत गाड्या जमवल्या. सत्तरच्या दशकात धंदा बुडाला, काही गाड्या विकल्या गेल्या, आणि उरलेल्या शेतावरच्या पडव्यांमध्ये तशाच पडून राहिल्या. 2014 मध्ये लिलाव करणारे तज्ज्ञ तिथे पोचले. मासिकांच्या ढिगाऱ्याखाली धुळीने माखलेली एक कॅलिफोर्निया स्पायडर उभी होती, एके काळी अभिनेता आलाँ दलों याच्या मालकीची. 2015 च्या फेब्रुवारीत पॅरिसला तिचा लिलाव झाला. कोणी तिला धुतले नाही, पुसले नाही. ती 1 कोटी 60 लाख युरोहून अधिक किमतीला गेली.

अस्सल वस्तूची उपेक्षासुद्धा अस्सल असते. तिच्यावरची धूळ हा पुरावा ठरतो आणि त्या पुराव्याला भाव येतो. नकलेवरची धूळ ही नुसती धूळ.

म्हणून नकला ज्या तऱ्हेने टाकल्या जातात ती तऱ्हा वेगळी आहे. हौसेने सुटे भाग आणले, अर्धी गाडी जोडली, आणि मग पैसे संपले, मूल झाले, बदली झाली. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात गेली. पावसाळ्यात अंगणात ताडपत्रीखाली गेली. फायबरग्लास गंजत नाही, पण वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्यांतून पाणी आत झिरपते. पोलादी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून पोखरलेल्या असतात. हातोडीने ठोकल्यावर जिथे बद्द आवाज येतो तिथे काळजीचे कारण असते.

अशी गाडी उभी करणाऱ्याला मेहनत अस्सल गाडीएवढीच पडते. फायबरग्लासवरच्या चिरा नुसत्या लांबी भरून बुजवता येत नाहीत. काही महिन्यांत त्या रंगाखालून पुन्हा डोके काढतात. तडा मुळापर्यंत कोरून रुंद करायचा, आतून काचेच्या धाग्यांचे कापड आणि रेझिन यांचे थर द्यायचे, मग पॉलिश पेपरने घासत आकार जुळवायचा. कुजलेली नळी कापून नवी वेल्ड करायची. अस्सल फेरारीच्या बाबतीत कारखान्याच्या नोंदी असतात, इंजिनाचे आणि चेसिसचे क्रमांक असतात, कोणता स्क्रू कुठला हे सांगणारी माणसे असतात. नकलेला वायरिंगचा नकाशाही बहुधा नसतो. एक दिवा एका कंपनीचा, हँडल दुसऱ्या कंपनीचे, मीटर तिसऱ्याच गाडीतून काढलेला. ज्या कारखान्याने ती बनवली तो बंद झालेला, साचे हरवलेले. दुरुस्त करणाऱ्याला आधी इतिहासकार व्हावे लागते. हे कोणी, कधी, कशासाठी असे जोडले असेल?

आणि मग सुरुवातीचा प्रश्न समोर येतो. कशासारखी करायची?

एक वाट अशी की ती अस्सल फेरारीच्या आणखी जवळ न्यायची. जिथे दिवे चुकले आहेत तिथे बरोबर दिवे लावायचे, जिथे रेषा चुकली आहे तिथे सुधारायची. हौशी मालक बहुधा हेच करतो. पण चित्रपटातल्या गाडीच्या बाबतीत ही वाट धरली तर काय उरेल? फेरारीचे जाणकार गेली चाळीस वर्षे ज्या चुकांवर हसत आले, त्या चुकांवरूनच तर ती ओळखू येते. चित्रपटात तिच्या नंबर प्लेटवर अक्षरे होती ‘नर्व्हस’, म्हणजे घाबरलेला. कोणत्याही इटालियन कारखान्याने ती दिली नव्हती. चुका सुधारल्या की ती एक बऱ्यापैकी खोटी फेरारी होईल. चुका राखल्या तर ती जगातली एकमेव अशी गाडी राहील. तिचे मूळ 1961 सालच्या मोदेनात नाही, 1985 सालच्या एल काहोनमध्ये आणि शिकागोत आहे.

नकलेचे मोल ठरवण्याचा हा पेच मोटारींपुरताच आहे असे नाही. मराठीत ‘प्रत’ या एकाच शब्दाने आपण नक्कलही म्हणतो आणि दर्जाही म्हणतो. कागदाची प्रत काढतो आणि उत्तम प्रतीचा तांदूळ मागतो. ज्या काळात ग्रंथ हाताने उतरवून जगवले जात, त्या काळाची आठवण या शब्दात राहिली असावी. ज्ञानेश्वरांच्या काळातली ज्ञानेश्वरीची पोथी आज आपल्यापुढे नाही. जे आहे ते उतरवणाऱ्यांच्या हातून आलेले. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पाठभेदांनी गढूळ झालेल्या प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढच्यांनी तीत भर घालू नये असे बजावले. हाही जीर्णोद्धारच, चुका काढून टाकण्याचा.

विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 पासून 1966 पर्यंत चालले. अशा कामात चुकीला वेगळीच किंमत येते. दोन दूरच्या गावांतल्या पोथ्यांत एकच चूक एकाच जागी सापडली, तर त्या दोघी एका आईच्या लेकी असाव्यात असा माग लागतो. लेखनिकाने केलेली चूक नंतरच्या कोणी चोख दुरुस्त केली, तर वाचणाऱ्याची सोय होते आणि पोथीचे कूळ पुसले जाते. मोदेना स्पायडर हातात घेणाऱ्यापुढे हाच पेच असतो. तिला शुद्ध करायचे की तिचे कूळ राखायचे?

अमेरिकेने याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. तिथे ऐतिहासिक वाहनांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात 2014 पासून वाहने नोंदवली जाऊ लागली आणि त्यांची मापे, छायाचित्रे आणि इतिहास लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या अभिलेखांसाठी तयार केले जातात. दृष्टीआड झालेली ती पहिली गाडी पुढे पुन्हा समोर आली. 2013 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या लिलावात ती 2 लाख 35 हजार डॉलरला गेली, आणि 2020 मध्ये जवळपास 4 लाखांना. या दोन लिलावांच्या मधल्या काळात तिची त्या नोंदवहीत नोंद झाली. ‘1961 फेरारी’ म्हणून ती नोंदली गेली नाही. नोंद आहे ती ‘1985 मोदेना स्पायडर कॅलिफोर्निया’ या नावाने. फेरारी हा शब्द वगळल्यावर तिला स्वतःचे वर्ष आणि स्वतःचे आडनाव मिळाले. मला वाटते, तिच्या सगळ्या दुरुस्त्यांत ही सर्वांत मोठी दुरुस्ती. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉलवर, राष्ट्राची स्मारके जिथे उभी आहेत तिथे, ती काचेच्या पेटीत ठेवून लोकांना दाखवण्यात आली.

दुसऱ्या गाडीलाही दिवस आले. वाईट जोडलेली आणि दरीत ढकललेली ती गाडी पुन्हा बांधली गेली आणि मेक्सिकोतल्या कॅन्कूनच्या एका उपाहारगृहात शोभेला उभी राहिली.

या सगळ्यात पैशाचा आणि प्रसिद्धीचा हात मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. चित्रपट चालला नसता तर ही गाडीही कुठल्या तरी ताडपत्रीखाली गेली असती, आणि हजारो नकलांना अशी नोंदवही कधीच लाभणार नाही. पण म्हणूनच तिच्यापासून शिकण्यासारखे काही आहे. अनोळखी अंगणात पडलेली खोटी स्पोर्ट्‌स कार जो उचलून आणतो, त्याने तिच्या मूळ गाडीची चित्रे भिंतीवर लावण्याआधी तिच्याकडेच नीट पाहावे. कोणाच्या तरी हाताने केलेले ओबडधोबड वेल्डिंग, डॅशबोर्डला पेन्सिलने केलेली खूण, दुसऱ्याच गाडीचे बसवलेले हँडल, हे तिचे दस्तावेज आहेत. ब्रेक आणि पोखरलेल्या नळ्या नव्या कराव्यात, त्यात हयगय नको. बाकीच्या प्रत्येक चुकीपाशी क्षणभर थांबावे.

कॅमेरनला वाटले होते की चाके उलटी फिरवली की दिवस पुसला जाईल. बहुतेक जीर्णोद्धारांच्या मुळाशी हीच इच्छा असते, वस्तू तिच्या पहिल्या दिवसाला नेऊन पोचवण्याची. अस्सल वस्तू आपल्याला ते शक्य आहे असा भास करून देते, कारण तिचा पहिला दिवस प्रतिष्ठेचा असतो. नकलेला तो भास निर्माण करता येत नाही. तिचा पहिला दिवस म्हणजे दुसऱ्या कोणासारखे दिसण्याची धडपड. तिचे जे काही स्वतःचे आहे ते नंतरच्या मैलांत आहे. ते मीटरवर तसेच राहू द्यावेत.